जावेच्या डोहाळेजेवणाला जावं का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): रविवारी पंचवटीत धाकट्या जावेचं डोहाळेजेवण आहे. सासूबाई म्हणाल्या, "ओटी भरायला तू पुढे येऊ नकोस, उगाच कुणी बोलेल." मूल व्हावं म्हणून केलेलं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) फसून फार दिवस झालेले नाहीत. इंजेक्शनं सोसली, पण हे वाक्य सोसवत नाही. नवरा चांगला आहे हो, पण याबाबत गप्प. रात्री पाठ करून झोपतो; तोही जागाच असतो, मला कळतं. काय करू?

उत्तर (सिडको): ताई, मन नसेल तर नका जाऊ. पण आईशी बोलायचं काम त्यांचं, तुमचं नाही. आमच्याकडे सगळ्या तपासण्या आधी माझ्या झाल्या, वीर्यतपासणी शेवटी. दोष तिथेच निघाला. तोवर टोमणे मीच खाल्ले!

उत्तर (ओझर): जगात दर सहा जणांपैकी एकाला कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. तुम्ही अशुभ नाही. आणि २०२१च्या कायद्यानुसार आयव्हीएफ क्लिनिकने समुपदेशन द्यायलाच हवं. हक्काने मागा, दोघं मिळून जा.

प्रश्नकर्ती: हे त्याला वाचून दाखवलं. आईशी बोलतो म्हणाला. जावेची साडी मी आजच देऊन येते, तिच्यावर माझा राग नाही.