अल्कोहोलमध्ये भिजवलेले वाइप्स विमानाने पाठवताना ‘धोकादायक माल’ ठरतात का?

टॉवेलवाला, सोलापूर
नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना असून, त्याच्या जोडीला आम्ही 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्सही भरतो. एका प्रकारात सीलबंद पाऊचमध्ये एकच वाइप आणि साधारण 2 मिली द्रव असतो. दुसऱ्यात झाकणाच्या डब्यात 100 वाइप्स आणि 250 मिली द्रव. दोन्ही एकाच खोक्यात भरून, बिलावर ‘सुती पुसणी’ लिहून आम्ही ते गुवाहाटीला कुरिअरने पाठवले, तर खोके पुण्याहूनच ‘ज्वालाग्राही’ असा शेरा घेऊन परत आले. कुरिअरवाले म्हणतात, अल्कोहोलचे काहीच चालत नाही. माल तर कापडाचा आहे, मग अडचण कशाची?

कार्गो एजंट, पुणे
कुरिअरवाल्यांचे म्हणणे सरसकट खरे नाही, पण तुमचे बिलही बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत ज्वालाग्राही द्रव शोषलेल्या घन पदार्थांना यूएन 3175 हा क्रमांक असून ते वर्ग 4.1 मध्ये, म्हणजे ज्वालाग्राही घन पदार्थांत येतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीतील ए46 या विशेष तरतुदीनुसार, सीलबंद पाकिटात 10 मिलीपेक्षा कमी द्रव असेल आणि सुटा द्रव अजिबात नसेल, तर त्या मालाला धोकादायक मालाचे नियम लागू होत नाहीत. ही मर्यादा पाकिटाची आहे, खोक्याची नव्हे. त्यामुळे तुमचे पाऊच हजार असले तरी सुटतात. डबा मात्र सुटत नाही. त्याला प्रमाणित पॅकिंग, लेबल, घोषणापत्र आणि हे काम शिकलेला माणूस लागतो. शिवाय एखादी विमान कंपनी नियमाहून कडक अट घालू शकते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

टॉवेलवाला, सोलापूर
आभारी आहे. परत आलेला एक डबा आज उघडून तिरका केला, तर तळाशी बोटभर द्रव साचलेला दिसला. भरताना कापडाने तो पूर्ण शोषला होता, असे कामगार शपथेवर सांगतात.

रसायन शिक्षक, सोलापूर
शोषला असेलही, पण रचलेल्या वाइप्सवर वरचे वजन पडते आणि द्रव हळूहळू खाली उतरतो. नियमात माल बंद करताना सुटा द्रव दिसता कामा नये, अशी अट आहे. तो दिसला, तर यूएन 3175 सोडून वर्ग 3 चा, म्हणजे ज्वालाग्राही द्रवाचाच विचार करावा लागतो. 70 टक्के आयसोप्रोपिलचा ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते) 18 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज चाळिशीपार असतो. तेव्हा डब्यातला द्रव कमी करा किंवा जास्त शोषणारे कापड घ्या. टॉवेलवाल्यांना हे मी काय सांगावे!

कार्गो एजंट, पुणे
शिक्षकांशी सहमत. पाऊच आणि डबे वेगळ्या खोक्यांत भरा, बिलावर ‘अल्कोहोलयुक्त वाइप्स’ असे स्पष्ट लिहा आणि एमएसडीएसची, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाची प्रत जोडा, कारण तिच्या 14व्या भागात वाहतुकीचा वर्ग दिलेला असतो. डबे समुद्रमार्गे निर्यात करायचे झाल्यास यूएन 3175 साठी ‘मर्यादित प्रमाणा’ची सवलत मिळते: आतील पॅकिंग 1 किलोपर्यंत आणि संपूर्ण खोके 30 किलोपर्यंत. आणि एक विचारतो: तुमच्याकडे आयसोप्रोपिलचे ड्रम ज्या टेम्पोतून येतात, त्याच्या चालकाकडे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक मालाचे प्रशिक्षण घेतल्याची परवान्यावरील नोंद आणि ट्रेम कार्ड (वाटेत अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड) असते का?

टॉवेलवाला, सोलापूर
उद्या टेम्पो येणार आहे. फाटकावरच विचारतो.