जांभ्याच्या जुन्या घरात ऑफिस: सिमेंट, एसी आणि फायलींचा भार

प्रश्न (रत्नागिरी)
किनाऱ्याजवळचे शंभरेक वर्षांचे कौलारू घर. भिंती जांभ्याच्या, दीड फूट जाड. ओटीवर थेट कौले, माजघरावर सागवानी तुळयांचा माळा. १० जणांचे सीए ऑफिस करायचे आहे. कंत्राटदार सांगतो: सिमेंटचा गिलावा, व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपी सीलिंग, स्प्लिट एसी. भिंतींना तीन फुटांपर्यंत ओल आहे. फायली माळ्यावर जातील. यात काय टाळावे?

चुनेवाला
सिमेंट अजिबात नको. जांभा सच्छिद्र, जमिनीतले पाणी वर ओढतो. चुन्यातून ते उडून जाते. सिमेंटने वाट बंद केली की ओल आणखी वर चढते आणि गिलावा पोकळ होऊन सुटतो. घट्ट टाइल्सनेही जमिनीतली ओल भिंतींकडे वळते; त्यापेक्षा शहाबादी फरशी चुन्यात बसवा.

पण आधी बाहेर बघा. जोत्यालगतची माती आतल्या जमिनीपेक्षा किमान सहा इंच खाली हवी. पागोळ्या भिंतीच्या मुळाशी पडत असतील तर पन्हळ लावा, नाहीतर आतला खर्च पाण्यात. मग ओलीच्या रेषेवर फूटभर जाईपर्यंत गिलावा खरवडा आणि दिवाळीपासून दोन-तीन महिने भिंत उघडी वाळू द्या. नंतर १ भाग चुना, ३ भाग धुतलेली नदीची वाळू, दोन थरांत; आठवडाभर पाणी मारा. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातले मीठ हवेतली ओल खेचत राहते. वर चुन्याचीच सफेदी, प्लास्टिक पेंट नको.

गारवा
पीओपी पावसाळी हवेत ओल धरते. ओटीवर कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, त्यावर ५० मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), आणि बोर्ड ते कौले हवा खेळती. बोर्डात २ × २ फुटांचे उघडणारे झाकण ठेवाच. फुटके कौल तिथूनच दिसते. माजघरात तुळया झाकू नका, वाळवीची मातीची नळी डोळ्यांसमोर राहू दे. एसीचे बाहेरचे युनिट समुद्राच्या उलट बाजूला, तांब्याच्या कॉइलचे. महिन्याला गोड्या पाण्याने धुवा. निथळणारे पाणी जोत्यावर सोडू नका.

प्रश्नकर्ता
वायर भिंतीत गाडायच्या का? माळ्याचे काय?

तारजोड
भिंतीत झिऱ्या (वायरींसाठी खाचा) मारू नका, जांभ्याचे ढेपे निघतात. वायरींचे पाइप भिंतीच्या बाहेरूनच, उघडे न्या; क्लिपा दगडात न ठोकता सांध्यात ठोका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. कातळात अर्थिंग सहज लागत नाही, म्हणून मीटर लावून अर्थिंगचा रोध मोजून घ्या.

फायली खालीच ठेवा. राहत्या घराच्या माळ्याला चौरस मीटरला २०० किलो धरतात, फायलींच्या खोलीला ५००. तुळई बहुधा कुजते ती भिंतीत गेलेल्या टोकाशी. तिथे पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर इंजिनिअरला दाखवेपर्यंत माळ्यावर माणूसही चढवू नका.