कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेनंतर महिन्याभराने विसरभोळेपणा – मदत हवी आहे

माझा मोठा भाऊ (वय ४६) पाच आठवड्यांपूर्वी बंद न्हाणीघरात गॅस गीझरच्या धुरामुळे बेशुद्ध पडला. दवाखान्यात मास्क लावून दिवसभर शुद्ध ऑक्सिजन दिला. तिसऱ्या दिवशी घरी आला तेव्हा अगदी ठणठणीत होता, म्हणून आम्हीही निर्धास्त झालो.

पण गेल्या दहा दिवसांत सगळं बदललंय. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, पावलं घासत चालतो. काल बुटाच्या नाडीची दोन टोकं हातात धरून तसाच बसून राहिला, पुढे काय करायचं तेच सुचेना. माझा जीव तुटतो हो बघून.

आधीचा कुठलाही आजार नाही, दारू नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. साखर, थायरॉईड, बी-१२ नॉर्मल. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये (मेंदूच्या आतला, हालचालींशी संबंधित भाग) आणि मेंदूच्या पांढऱ्या भागात बदल दिसले. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणाले, विषबाधेचा असा उशिरा होणारा परिणाम मधले काही दिवस-आठवडे बरे गेल्यावरही दिसतो. बरेच रुग्ण काही महिन्यांत सुधारतात, पण खात्री देता येत नाही. उपचार त्यांच्याच सल्ल्याने चालू आहेत, त्यामुळे औषधं सुचवू नका.

हायपरबॅरिक ऑक्सिजन (बंद कक्षात जास्त दाबाखाली देतात तो) तेव्हा दिला नव्हता. आता इतक्या उशिरा देऊन कुणाच्या रुग्णाला फरक पडला का? आणि स्मृती व चाल सुधारायला कोणते व्यायाम किंवा थेरपी उपयोगी पडली, किती दिवसांत?