मदत हवी आहे: श्वासनलिकेचा कॅन्सर, ऑपरेशननंतर रेडिएशन (ठाणे/खारघर)

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या वहिनीला श्वासनलिकेचा अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा निघाला. वय ४६. घरात कुणी विडीसुद्धा ओढत नाही, आणि या प्रकाराचा तंबाखूशी संबंध दिसत नाही असं डॉक्टरही म्हणाले. आधी कितीतरी महिने दमा म्हणून पंप चालू होता. जिना चढताना श्वासाला शिट्टीसारखा आवाज, पण छातीचा एक्स-रे साफ! थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी झाली. त्या पहिल्या डॉक्टरांबद्दल जे बोलायचं ते घरात बोलून झालंय, इथे नको.

ऑपरेशनमध्ये नळीचा साधारण ४ सेंमी तुकडा काढून दोन्ही टोकं जोडली. जोडावर ताण नको म्हणून हनुवटी टाके घालून छातीशी बांधून ठेवली होती. बोलायला मनाई. वहिनीने पाटीवर पहिलं वाक्य लिहिलं, "दूधवाल्याचे पैसे दिले का?"

बायोप्सी रिपोर्टमध्ये कापलेल्या कडेला पेशी राहिल्याचं आलंय. हा आजार अस्तराखालून आणि नसांच्या कडेने सरकतो, त्यामुळे असं बऱ्याचदा होतं म्हणे. आता रेडिएशनचे ३३ शेक सांगितलेत, एकूण ६६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), सोमवार ते शुक्रवार.

खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात प्रोटॉनची (क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी द्यायच्या रेडिएशनची) सोय आहे. एक काका म्हणतात, थांबा पण तेच घ्या. आमचे डॉक्टर म्हणतात, आयएमआरटीने (क्ष-किरणांचा डोस गाठीच्या आकाराप्रमाणे कमीजास्त करून देतात त्या रेडिएशनने) काम होईल, उशीर नको. दुसरं मत घ्यावं का? खारघरला ठरलंच तर ठाण्याहून पनवेल लोकल थेट आहे, पण शेवटी शेवटी तिला प्रवास झेपेल का? आणि तो जाळीचा मास्क! शेक घेताना हलू नये म्हणून तोंडावर घट्ट बसवून टेबलाला अडकवतात. श्वास कोंडण्याची धास्ती तिच्या मनातून जात नाही.

प्रतिसाद:
ताई, बाबांना अन्ननलिकेसाठी छातीच्या याच भागात शेक होते. दुसरं मत जरूर घ्या, पण तारीख न घालवता. दोन्ही प्लॅनमध्ये मणक्यातला मज्जारज्जू, फुप्फुसं आणि अन्ननलिकेला किती डोस जातो, ते शेजारी शेजारी ठेवून दाखवायला सांगा. फरक थोडाच असेल तर थांबण्यात अर्थ नाही. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास गिळताना जळजळ सुरू होते. मऊ भात, मुगाचं वरण, शिरा, सगळं कोमट, तिखट बंद. वजन उतरलं तर मास्क सैल होतो, म्हणून आहारतज्ज्ञ आधीच गाठा. आम्ही शेवटी रिक्षाच केली, बाबा गाडीत उभे राहूच शकत नव्हते. श्वासाला पुन्हा शिट्टी आली तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता तडक कॅज्युअल्टी.

धागाकर्ती:
खूप आभार. दादा उद्या दोन्ही प्लॅनचं विचारतोय. मास्कचं कुणी सांगेल का? आत असताना हात वर करून थांबवता येतं का?