स्मृतिदिनी बिन्यन यांच्याच ओळी का, ओवेन यांच्या का नाहीत?

जुनीपाने: ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबरच्या सुमारास युद्धात कामी आलेल्यांचे स्मरण होते, तेव्हा कवी लॉरेन्स बिन्यन यांच्या कवितेचे चौथे कडवे म्हटले जाते. मागे उरलेले आम्ही म्हातारे होऊ, ते होणार नाहीत. सूर्य मावळताना आणि सकाळी आम्ही त्यांची आठवण ठेवू, असा त्याचा आशय आहे. ही कविता २१ सप्टेंबर १९१४ रोजी, पहिल्या महायुद्धाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, वृत्तपत्रात छापून आली. कवी विल्फ्रेड ओवेन मात्र प्रत्यक्ष खंदकांत लढले आणि २५व्या वर्षी मारले गेले. मग अशा प्रसंगी त्यांची कविता का म्हटली जात नाही?

मृण्मयी: बिन्यन यांना घरबसले कवी ठरवू नये, वय भरतीच्या पलीकडे गेलेले असूनही ते पुढे फ्रान्समधील रुग्णालयात जखमी सैनिकांच्या शुश्रूषेला गेले होते. त्यांचे कडवे ‘आम्ही’ म्हणून बोलते, म्हणून जमलेल्या लोकांना ते एका सुरात म्हणता येते. ओवेन यांची सर्वांत गाजलेली कविता विषारी वायूने गुदमरलेल्या सैनिकाच्या फुफ्फुसांतून उसळणारे रक्त दाखवते आणि देशासाठी मरणे गोड असते हे प्राचीन रोमन कवी होरेसचे वचन खोटे ठरवते. जिचा मुलगा गेला त्या आईसमोर, स्मारकाच्या पायरीवर उभे राहून ते वाचायला कोण धजावेल?

इतिहासप्रेमी: आपला मुद्दा पटतो, पण ओवेन यांची स्वतःची कबरच पाहा. त्या युद्धातील ब्रिटिश सैनिकांचे मृतदेह मायदेशी आणायचे नाहीत आणि हुद्दा कोणताही असो, शिळा एकसारखीच, असे ठरलेले होते. तळाशी छोटासा मजकूर कोरून घेण्याची मुभा तेवढी नातलगांना होती. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी सांब्र कालव्यावर पडले आणि ती तार घरी पोहोचली तो दिवस युद्धविरामाचा होता. फ्रान्समधील ऑर्स गावातल्या त्यांच्या शिळेवर कुटुंबाने त्यांच्याच कवितेतला अंश घेतला आहे. जीवन या देहांना पुन्हा नवे करील का, सारे मरण पुसून टाकील का, असे ती कविता विचारते आणि पुढे नकारार्थी उत्तर देते. शिळेवर मात्र दुसरा प्रश्न मध्येच तुटतो, त्याचे प्रश्नचिन्ह गळते आणि ‘ते सारे मरण पुसून टाकील’ अशी ग्वाही उरते. त्या घराला दोष देववत नाही. पण कवीची शंका त्याच्याच थडग्यावर टिकली नाही, हेही खरे.

मृण्मयी: जागा मोजकी असल्याने ओळ तुटली असेल, हे मान्य, चिन्ह गळण्याचे कारण मात्र जागा असू शकत नाही. तरीही ओवेन स्मरणापासून कायम दूर राहिले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बाँबने उद्ध्वस्त झालेल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलची नवी वास्तू १९६२ साली उभी राहिली, तेव्हा संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेत ओवेन यांच्या कविता गुंफल्या, आणि शिळेवर तुटलेली ती कविता त्यांत उत्तरासकट गायली गेली.