अनुभव धागा: बऱ्याच वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसताना

दहा-वीस वर्षांच्या खंडानंतर पुस्तक उघडलं की पहिली अडचण येते ती बैठकीची, आणि लोक तिला बुद्धीची अडचण समजून बसतात. अभ्यासाची सवय पुन्हा लावताना नेमकं काय करायचं ते इथे लिहा: किती मिनिटं, कुठली वही, गाडं कुठे अडतं, का अडतं. नुसतं ‘जिद्द ठेवा’ म्हणून कुणाचं भागत नाही. कृती द्या, आकडे द्या.

पहाटपाळी

‘रोज दोन तास’ असं ठरवूच नका. २० मिनिटांनी सुरुवात करा आणि ती रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला जोडा: रात्रीची भांडी आवरली की लगेच, किंवा कामावर पोचल्यावर काम सुरू व्हायच्या आधी. घड्याळातली वेळ घरच्या गडबडीत पुढे सरकते, पण एका कामामागून दुसरं काम आपसूक येतं. दोन आठवडे २० टिकली की ३० करा, मग ४५. त्याच्या वर जायचं तर मध्ये १० मिनिटं उठा. ती दहा मिनिटं फोनला देऊ नका. दहाची तीस कधी होतात ते कळत नाही.

आणखी एक गळती आहे. बसल्यावर कुठून सुरू करायचं हे शोधण्यात पाच मिनिटं जातात. वीस मिनिटांच्या बैठकीत हा पाव हिस्सा झाला. म्हणून उठताना चिठ्ठी लिहून पुस्तकात ठेवा: ‘पान ८४, उदाहरण ६, दुसऱ्या पायरीपासून.’ ‘प्रकरण ४ पुढे’ एवढ्याने काम होत नाही. धडा संपवून उठण्यापेक्षा उदाहरण अर्ध्यावर सोडून उठणं बरं, दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो.

कोरं पान

बैठक जमली तरी निम्मे लोक पुढच्या खड्ड्यात पडतात: वाचणं म्हणजेच अभ्यास असं धरून चालतात. धडा तीनदा वाचला, पिवळ्या रेघा मारल्या, सगळं ओळखीचं वाटायला लागलं. परीक्षेत मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथे फार कामाचा आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. फसगत होते ती यामुळेच: त्याच दिवशी तपासलं तर वाचनच बरं वाटतं.

कृती अशी. अर्धं ते एक पान वाचा. पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर पाच मिनिटं आठवेल ते निळ्या शाईने लिहा. वाक्यं नीट नसली तरी चालतील, आकृती आठवली तर तीही काढा. मग पुस्तक उघडून सुटलेलं आणि चुकलेलं लाल शाईने भरा. पुढच्या वेळी फक्त लाल भाग वाचायचा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी त्याच मजकुरावर पुन्हा कोरा कागद, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. कागदाच्या कोपऱ्यात या तारखा आधीच टाकून ठेवा.

पहिल्या आठवड्यात चार ओळीही आठवत नाहीत आणि बरेच जण इथेच पद्धत सोडतात. त्यावर उपाय एकच: वाचायचा मजकूर आणखी कमी करा, एका परिच्छेदावर या. कागद लालभडक झाला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पुढचे दिवस काय वाचायचं त्याची तयार यादी हातात आली.

कप्पेवाली

वर दिलेल्या तारखा पाठांतराच्या बारीक गोष्टींसाठी (व्याख्या, सूत्रं, परक्या भाषेतले शब्द) सांभाळणं अवघड जातं. तिथे कार्डं वापरा. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली पाच कप्प्यांची पेटी अजूनही उत्तम चालते. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार, चौथा सात, पाचवा चौदा दिवसांनी.

बोजा कुठे वाढतो ते आधी बघून घ्या. रोज १० नवी कार्डं घातली तर प्रत्येक कार्ड पाच वेळा समोर येतं, म्हणजे महिन्याभराने रोज सुमारे ५० कार्डं बघावी लागतात, चुकलेली वेगळी. हौसेने रोज ३० घालणारा महिन्याभरात दीडशेवर जातो आणि पेटी माळ्यावर जाते. पहिल्या कप्प्यात ४० च्या वर कार्डं साठली की नवी घालणं बंद.

कार्ड लिहिण्यातही मेख आहे. ‘प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय?’ हे कार्ड वाईट, कारण अर्धं उत्तर आलं की बरोबर धरायचं का चूक, हे ठरवता येत नाही. त्याची तुकडे करून चार-पाच कार्डं करा. एका कार्डावर एवढंच: ‘प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कशातून येतो?’ मागे: ‘पाण्यातून.’

चष्मा पुसून

चाळिशीच्या आसपास जवळचं अंधुक दिसायला लागतं. पंधरा मिनिटांत डोकं दुखतं, ओळ सुटते, आणि माणूस म्हणतो मन लागत नाही. आधी डोळे तपासून घ्या. पुस्तक डोळ्यांपासून साधारण ४० सेंटिमीटरवर धरून वाचता आलं पाहिजे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, नाहीतर हाताची सावली नेमकी लिहित्या ओळीवर पडते.

बेरीज-वजाबाकी

गणित, हिशेब, संख्याशास्त्र असे विषय असतील तर चुकांची वेगळी वही हवीच. पानाचे तीन रकाने करा: काय लिहिलं, काय हवं होतं, का चुकलं. उदाहरणार्थ −३(क्ष − ४) सोडवताना −३क्ष − १२ लिहिलं; हवं होतं −३क्ष + १२. तिसऱ्या रकान्यात ‘निष्काळजीपणा’ लिहाल तर वही वाया गेली. तिथे लिहा: ‘कंसाबाहेरचं ऋण चिन्ह फक्त पहिल्या पदाला लावलं.’ वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तिसरा रकाना वरून खाली वाचा. तीच ती दोन-तीन कारणं फिरून फिरून आलेली दिसतील, आणि ती बहुधा आत्ताच्या धड्यातली नसून अपूर्णांक, चिन्हं, टक्केवारी अशी खालच्या इयत्तेतली असतात. तेवढ्यापुरतं खालच्या इयत्तेचं पुस्तक काढायला लाजू नका. कच्च्या पायावर पुढचं रचत गेलं की प्रत्येक नवा धडा दुप्पट वेळ खातो.

दार लोटलेलं

‘मला जरा अभ्यासाला वेळ द्या’ हे घरच्यांना पाळता येत नाही, कारण ते कधी सुरू होतं आणि कधी संपतं हेच त्यांना कळत नाही. ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार, साडेनऊ ते सव्वादहा’ हे पाळता येतं. आणि सव्वादहाला खरंच उठा. आपण वेळ मोडली की पुढच्या खेपेला तेही मोडतात.

शाईचा डाग

लेखी परीक्षा असेल तर हाताची सवय वेगळी करावी लागते. बरीच वर्षं फक्त टाइप केल्यावर सलग लिहिताना वीस मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, कारण पेन घट्ट आवळून धरलेलं असतं. परीक्षेच्या दहा आठवडे आधी रोज १० मिनिटं लिहायला लागा, दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत एकेक पूर्ण तीन तासांचा पेपर बसून सोडवा. न दाबता उठणारं पेन निवडा आणि परीक्षेलाही तेच न्या. ‘कोरं पान’ यांची आठवून लिहायची पद्धत या सरावात बसवली तर दोन्ही कामं एकाच वेळात होतात.

पुन्हा पहिला दिवस

खाडा झाला तर काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या लंडनमधल्या अभ्यासात, जो २०१० साली छापून आला, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून करू नका. तो दिवस जड होतो आणि तिसरा बुडतो. आजारपण, पाहुणे, कामाची घाई अशा दिवसांसाठी पाच मिनिटांचा छोटा अभ्यास ठरवून ठेवा: पेटीतला फक्त पहिला कप्पा, किंवा कालच्या कागदावरचा लाल भाग. आठवड्याहून मोठा खंड पडला तर नव्या धड्याला हात लावायच्या आधी एक बैठक कोऱ्या कागदाला द्या, म्हणजे शिल्लक काय राहिलंय ते दिसेल.