मदत हवी आहे: अमेरिकेतला अँप्लिफायर आणि रेकॉर्ड प्लेअर सोलापुरात कसा चालवू?

नमस्कार मंडळी. आतेभाऊ अमेरिकेतून कायमचा परतला आणि त्याचा जुना अँप्लिफायर व रेकॉर्ड प्लेअर मला देऊन मोकळा झाला. दोन्हींवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलंय. आपल्याकडे २३०, ५०. आत व्होल्टेज बदलायचा स्विच नाही, उघडून पाहिलं.

शेजाऱ्यांकडचा छोटा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लावून आधी प्लेअर चालवला. फिरला, पण झोपेत असल्यासारखा! बाबांच्या नाट्यगीतांतली काळी पाचच्या पट्टीत गाणारी बाई थेट पांढरी पाचवर उतरली. बाबा म्हणाले, "हिला बरं नाही का?" मग लक्षात आलं की ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. मोटार सिंक्रोनस, म्हणजे हर्ट्झप्रमाणे वेग ठरणारी, त्यामुळे मिनिटाला ३३ ऐवजी जेमतेम २८ फेरे. मोटारीवरची बेल्टची पुली १.२ पट व्यासाची हवी, असा माझा हिशोब. एमआयडीसीत लेथवर इतकं बारीक काम नेमकं करून देणारं कोणी आहे का? पितळेची करावी की अ‍ॅल्युमिनियमची?

अँप्लिफायर अजून लावलेला नाही. त्यावर १८० वॅट लिहिलंय, म्हणून ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा म्हणतो. नवी पेठेत एकाने ऑटो-ट्रान्सफॉर्मर स्वस्तात दाखवला, पण त्यात वीज येणारी आणि जाणारी अशा दोन्ही बाजू एकमेकींपासून वेगळ्या नसतात, म्हणून मन धजत नाही. शिवाय ६० हर्ट्झचा आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, त्यात आपला एप्रिल-मे. १२० ऐवजी ११० दिले तर बरं पडेल का? यंत्रमागाच्या मोटारी भरणाऱ्यांकडून आयसोलेटेड (दोन्ही बाजू वेगळ्या असलेला) ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतलेला कोणी असेल तर गुणगुण येते का, तेही सांगा.